टी-शर्टचे डिझाइन विकण्याआधी लोकांपुढे ठेवताना

घरी काढलेल्या डिझाइनला मित्र आणि नातेवाईक हमखास "छान" म्हणतात, आणि त्या भरवशावर पन्नास टी-शर्ट छापून घेतले की त्यांतले बरेचसे कपाटातच पडून राहतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापताना, प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी फ्रेम करावी लागत असल्यामुळे ही चूक महागात पडते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

१. तीन-चार डिझाइनांचा प्रत्येकी एकच नमुना डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर उतरवण्याच्या) पद्धतीने छापून घ्यावा. तिला फ्रेम लागत नाही.

२. हे नमुने अंगात घालून, महाविद्यालयाच्या महोत्सवात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवातील स्टॉलवर, अनोळखी लोकांना दाखवावेत. "आवडले का?" असे न विचारता "साडेतीनशे रुपयांत यांपैकी कोणता घ्याल?" असे विचारावे, आणि "एकही नाही" हे उत्तरही वहीत तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावे.

३. मजकूर देवनागरीत असेल तर तो आठ-दहा फुटांवरून मोठ्याने वाचायला सांगावे, कारण बारीक रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे संगणकावर सुबक दिसली तरी कापडावर बुजतात, आणि वाचता येत नाही हे सहसा कोणी आपणहून सांगत नाही. (माझ्या एका ओळीतला अनुस्वार लोकांना शाईचा डाग वाटला होता.)

मोबाइलवरून मते मागवायची असल्यास मूळ फाइल मात्र कोणालाही पाठवू नये. टी-शर्ट घातलेल्या माणसाचा कमी रिझोल्यूशनचा फोटो त्यासाठी पुरेसा असतो.