माणदेशची माती आणि तिच्यातले सूक्ष्मजीव : पहिला नमुना घेण्याआधी

कोरड्या प्रदेशातल्या मातीचे सूक्ष्मजीव अभ्यासायचे ठरले की नजर आधी पावसाच्या फरकाकडे जाते. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, आणि सरळ रेषेत १०० किमीच्या आत, माण तालुक्यातल्या, पर्जन्यछायेतल्या दहिवडीला जेमतेम ५००. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला ही जोडी आयती वाटते, पण ती घेऊ नका. महाबळेश्वरची जांभ्याची माती आम्ल, माणमधली चुनखडीची माती विम्ल. जिवाणूंच्या समूहावर सामूइतका (मातीच्या आम्ल-विम्लतेच्या आकड्याइतका, म्हणजे pH इतका) ठसा दुसऱ्या कशाचा क्वचितच दिसतो, त्यामुळे शुष्कतेचा म्हणून मांडलेला फरक प्रत्यक्षात सामूचा निघतो. त्यापेक्षा कोरेगाव, खटाव, माण अशा पूर्वेकडच्या पट्ट्यात, बेसाल्टवरच्याच मातीत, सारख्या उताराच्या जागा शोधा. निवड पक्की करण्याआधी प्रत्येक जागेचा सामू मोजा (माती १ भाग, पाणी २.५ भाग). जागांमध्ये अर्ध्या एककापेक्षा जास्त तफावत नसेल तर उत्तम.

शुष्कता नुसत्या पावसावर ठरत नाही. वर्षाच्या पावसाला संभाव्य बाष्पोत्सर्जनाने (पाणी कमी पडले नसते तर जमीन आणि झाडांतून जितके उडून गेले असते तितक्या पाण्याने) भागा. ५०० मिमी पाऊस आणि १७०० मिमी बाष्पोत्सर्जन असेल तर निर्देशांक ०.२९ येतो. ०.२ ते ०.५ म्हणजे निमशुष्क. काही शोधनिबंध हाच आकडा १ मधून वजा करून ‘शुष्कता’ म्हणून देतात. तिथे उलट वाचन झाले की अख्खी चर्चा उलटी होते. २०२० मधल्या एका जागतिक अभ्यासात शुष्कता ०.५४, ०.७ आणि ०.८ ओलांडताना परिसंस्था एकदम बदलताना दिसल्या, आणि त्यातल्या ०.७ च्या टप्प्यावर घसरण मातीची होते. वरच्या उदाहरणातले रान (१ वजा ०.२९, म्हणजे ०.७१) नेमके त्याच उंबऱ्यावर आहे. माणदेश अभ्यासायला इतका मोलाचा का, ते यावरून कळावे.

हवामान जिवाणूंपर्यंत पोचते ते बरेचसे सेंद्रिय कर्बाच्या वाटेने. पाऊस कमी, म्हणून झाडोरा कमी, म्हणून मातीत पडणारा पाचोळा कमी. त्यामुळे कर्ब मोजल्याशिवाय जिवाणूंचे आकडे मांडूच नयेत. ज्वलनाच्या यंत्रावर कर्ब मोजणार असाल तर आधी आम्लाने चुनखडी काढा, नाहीतर चुन्यातला कर्बही सेंद्रिय म्हणून मोजला जातो आणि नापीक माळ कागदावर सुपीक ठरतो.

नमुन्याची वेळ जपा. वळवाची पहिली सर पडली की जो मातीचा वास सुटतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिससारख्या अॅक्टिनोबॅक्टेरियांनी बनवलेल्या जिओस्मिनचा. कोरड्या मातीत या गटाचा वाटा वाढतो. त्याच सरीने उपाशी, निपचित जिवाणू जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोट सुटतो. १९५८ च्या शोधनिबंधावरून याला बर्च परिणाम म्हणतात. एका जागेचा नमुना सरीआधी आणि दुसऱ्या जागेचा सरीनंतर घेतला तर तुलना संपली. सगळ्या जागा एप्रिलअखेर कोरड्यात घ्या. दुसरी फेरी हवी असेल तर जमीन वाफशावर आल्यावर, तीही सगळीकडे.

काळ्या रानात उन्हाळी भेगा पडतात आणि वरची माती त्यात घरंगळून खाली जाते. भेगेच्या कडेला गिरमिट लावले तर ‘१५ सेंमी खोली’ला अर्थ उरत नाही, म्हणून दोन भेगांमधल्या घट्ट भागात ० ते ५ सेंमी खोलीची माती घ्या. बोर-बाभळीखालची आणि उघड्या माळावरची माती कधीही मिसळू नका. झुडपाखाली पाचोळा आणि सावली असते, तिथला समूहच निराळा. दोन्हींचे पाच-पाच उपनमुने घेऊन वेगवेगळे एकत्र करा, २ मिमी चाळणीतून काढा आणि बर्फाच्या पेटीतून न्या. दर जागेआधी खुरपे ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ओलाव्यासाठी थोडी माती वेगळी ठेवून १०५ अंशांवर २४ तास वाळवा.

जिवाणू ओळखायला मातीतून डीएनए काढावा लागतो. प्रयोगशाळेत तो कमी निघतो, आणि त्याला फक्त जिवाणूंची कमतरता कारणीभूत नसते. काळ्या मातीतली फुगणारी चिकणमाती पेशी फुटताच डीएनए धरून ठेवते. पेशी फोडण्याच्या द्रावणात दर ग्रॅम मातीला ४० मिग्रॅ साय काढलेल्या दुधाची पावडर टाकली की त्यातले केसिन (दुधातले प्रथिन) चिकणमातीच्या डीएनए धरणाऱ्या जागा अडवते आणि उतारा सुधारतो. मात्र पावडरीत जिवाणूंचा स्वतःचा डीएनए असू शकतो. म्हणून माती न टाकता, पावडरीसह एक कोरा नमुना प्रत्येक खेपेला चालवा आणि तोही सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचायला) पाठवा. जिवाणूच कमी असलेल्या मातीत डीएनए काढण्याच्या किटमधली भेसळ खऱ्या समूहासारखी दिसते.

निकालात ‘अॅक्टिनोबॅक्टेरिया वाढले’ असे लिहिण्याआधी क्यूपीसीआरने (डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या तंत्राने) जिवाणूंच्या १६एस जनुकाच्या एकूण प्रती मोजा. बाकीचे गट मेले आणि हा तग धरून राहिला, तरी टक्केवारी वाढलेलीच दिसते. शिवाय मेलेल्या पेशींचा डीएनएही मातीत टिकून राहतो. जिवंत समूहाबद्दल बोलायचे असेल तर काही नमुने पीएमए रंगद्रव्याची (प्रकाशात मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटून तो मोजणीतून वगळणाऱ्या) प्रक्रिया करून आणि न करून, असे जोडीने चालवा. गढूळ मातीच्या द्रावणात प्रकाश नीट पोचत नाही आणि ही प्रक्रिया अर्धवट होते, तेव्हा द्रावण आधी पातळ करून घ्या.