गिझरमधले गरम पाणी लवकर का संपते
गिझरचे पाणी सुरुवातीला कडकडीत येते आणि बादली भरण्याआधीच कोमट होते, तेव्हा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) जळाले असे धरून ते बदलण्याची घाई करू नये. भिंतीवरच्या नेहमीच्या गिझरमध्ये एकच एलिमेंट असते आणि ते जळाले तर पाणी मुळात तापतच नाही. काही मोठ्या टाक्यांत मात्र वर-खाली दोन एलिमेंट असतात. त्यांतले खालचे बंद पडले की फक्त वरचा थर तापतो आणि नेमकी हीच तक्रार उद्भवते.

सर्वांत आधी गिझर पूर्ण तापू द्यावा आणि दिवा विझल्यावर फक्त गरम नळ सोडून थर्मामीटरने तापमान मोजावे. १५ लिटरच्या टाकीतले पाणी ६० अंशांवर असेल आणि थंड पाणी २५ अंशांचे असेल, तर दोन्ही मिसळून ४० अंशांचे साधारण ३५ लिटर पाणी हिशेबाने मिळते. तेच टाकीतले पाणी ४५ अंशांवर असेल, तर जेमतेम २० लिटर. प्रत्यक्षात टाकीत शिरणारे थंड पाणी थोडे मिसळतेच, त्यामुळे याहून कमीच हाती लागते. म्हणून थर्मोस्टॅटचा (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाचा) नॉब किती अंशांवर आहे हे आधी पाहावे, मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत पोळते, हे घरात लहान मुले असतील तर विसरू नये. मिनिटाला ९ लिटर सोडणारा शॉवर हे ३५ लिटर चार मिनिटांच्या आत संपवतो. तसे होत असेल तर दोष गिझरचा नसून टाकी गरजेपेक्षा लहान आहे.

तापायला लागणारा वेळही मोजावा, कारण माझ्या मते त्याच्याइतकी नेमकी खूण दुसरी नाही. २००० वॉटचे एलिमेंट १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १८ ते २० मिनिटे घेते. दिवा त्याच्या बराच आधी विझत असेल आणि पाणी कोमटच असेल, तर थर्मोस्टॅट बिघडलेला असतो किंवा एलिमेंटवर क्षारांचा थर साचल्यामुळे त्याला लागून असलेला थर्मोस्टॅट टाकीच्या आधी तापून पुरवठा तोडतो. उलट वेळ फारच जास्त लागत असेल तर व्होल्टेज तपासावे. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर २००० वॉटचे एलिमेंट सव्वाबाराशे वॉटच्या आसपासच काम करते.

तापमान आणि वेळ दोन्ही ठीक असूनही पाणी संपत असेल, तर थंड पाणी कुठून तरी गरम लाइनमध्ये घुसत असावे. गिझरची वीज बंद करून त्याचा इनलेट कॉक (थंड पाणी आत सोडणारा) बंद करावा आणि गरम नळ सोडावा. धार क्षणभर येऊन थांबली तर लाइन ठीक आहे. धार चालूच राहिली तर एखाद्या मिक्सरमधून (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळातून) थंड पाणी उलटे येत आहे. हँड शॉवरचे टोक बंद ठेवून मिक्सरचे दोन्ही नळ उघडे सोडण्याची सवय याला बहुधा कारणीभूत असते. लाइन ठीक निघाली, तर टाकीतल्या नळीकडे संशय जातो. भिंतीवरच्या उभ्या गिझरमध्ये गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून घेणारी नळी गंजून भोक पडले, तर ती खालचे थंड पाणीही ओढू लागते.

गिझर उघडायचाच असेल तर एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करावी, इनलेट बंद करून टाकी रिकामी करावी आणि मगच झाकण काढावे. तारा सोडवून मल्टिमीटर लावल्यावर २००० वॉटच्या चांगल्या एलिमेंटचा रोध सुमारे २६ ओहम दिसतो. एलिमेंटवरचा क्षारांचा थर चाकूने खरवडू नये. सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवून काढावा. टाकी गंजू नये म्हणून बसवलेला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बारीक तारेसारखा उरला असेल, तर तो आणि रबरी गॅस्केट त्याच वेळी बदलावेत. जोडणी झाल्यावर गरम नळातून हवेचे फुरफुरणे थांबून सलग धार येईपर्यंत वीज सुरू करू नये, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत नवे एलिमेंटही जळते.