राष्ट्रपतींचे अधिकार शिकवताना यादीऐवजी एक आदेश हाती द्या

आठवीच्या नागरिकशास्त्रात केंद्रीय कार्यकारी मंडळाचे प्रकरण येते आणि पुष्कळ वर्गांत ते राष्ट्रपतींच्या अधिकारांची यादी होऊन फळ्यावर उतरते. विद्यार्थी ती यादी पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात, आणि तरीही ‘एवढे सगळे राष्ट्रपती करतात, तर पंतप्रधान काय करतात?’ या साध्या प्रश्नापाशी अडखळतात. म्हणून हे प्रकरण यादीने सुरू करू नये. एखादा प्रत्यक्ष निर्णय समोर ठेवावा आणि त्याबद्दल तीनच प्रश्न विचारावेत : निर्णय कोणी घेतला, तो कोणाच्या नावाने निघाला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा?

यासाठी सर्वांत सोपे साधन शाळेच्या कार्यालयातच असते. शिक्षण विभागाचा कोणताही शासन निर्णय काढून त्याची प्रत प्रत्येक गटाला द्यावी आणि शेवटचा भाग मोठ्याने वाचायला सांगावे. तिथे ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते आणि खाली सही असते ती एखाद्या उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. मग त्यांचे नाव का, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. तो येईपर्यंत थांबावे, आपण घाई करू नये. राज्यात कलम १६६ नुसार जे घडते, तेच केंद्रात कलम ७७ नुसार राष्ट्रपतींच्या नावाने घडते, हे सांगितले की पुढचा रस्ता मोकळा होतो.

त्यानंतर संविधानाची तीन कलमे एकाखाली एक वाचून घ्यावीत. कलम ५३ केंद्राचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींकडे सोपवते. कलम ७४ त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागण्यास बांधते. कलम ७५ मंत्रिमंडळाला सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार ठरवते. पहिलेच कलम वाचून थांबल्यास चित्र पूर्ण उलटे दिसते, आणि पाठांतराच्या पद्धतीत नेमके तेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना हा भेद स्पष्ट केला होता : राष्ट्रपती हे राज्याचे प्रमुख आहेत, कार्यकारी मंडळाचे नव्हेत, ते राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतात, राज्यकारभार चालवत नाहीत.

आता आणीबाणीचे उदाहरण घ्यावे आणि त्यासाठी पूर्ण तासिका राखून ठेवावी, कारण अधिकार कागदावर कसा असतो आणि प्रत्यक्षात कसा वापरला जातो, हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे दिसत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी कामकाज नियमावलीतील नियम १२ चा (निकडीच्या वेळी पंतप्रधानांना नेहमीच्या नियमांतून सूट घेऊ देणाऱ्या नियमाचा) आधार घेऊन मंत्रिमंडळाच्या बैठकीआधीच शिफारस पाठवली होती. मंत्र्यांना सांगण्यात आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मंत्रिमंडळाचा सल्ला म्हणजे एकट्या पंतप्रधानांचा सल्ला का, हा प्रश्न वर्गाला याच टप्प्यावर विचारावा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याचे उत्तर दिले आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना अशी घोषणा करता येणार नाही, अशी अट घातली. ही अट कलम ३५२ पुरती, म्हणजे राष्ट्रीय आणीबाणीपुरती आहे, राष्ट्रपती राजवटीला ती लागू नाही, हेही सांगावे. कारण नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट पहाटे उठवली गेली, तेव्हा नियम १२ चाच वापर झाला आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेण्यात आली. या उदाहरणावर चर्चा पक्षांच्या वळणावर जाण्याचा संभव असतो. पक्ष आणि नेते बाजूला ठेवून फक्त कागदाचा प्रवास फळ्यावर मांडला, तर मुले फार नेमका विचार करतात, असा माझा अनुभव आहे.

मग राष्ट्रपती केवळ सहीपुरतेच का? हा समजही तितकाच चुकीचा आहे आणि तो दूर करण्यासाठी वर्गात विधेयकाचा खेळ घ्यावा. एका विद्यार्थ्याला राष्ट्रपती करावे, त्याच्यापुढे विधेयक ठेवावे आणि कलम १११ वाचायला द्यावे. संमती देणे, ती रोखणे किंवा धन विधेयक नसल्यास फेरविचारासाठी परत पाठवणे, हे मार्ग तो स्वतः शोधून काढतो. चाणाक्ष विद्यार्थी एक चौथी गोष्टही हेरतो : निर्णयाला मुदत दिलेली नाही. संसदेने १९८६ मध्ये मंजूर केलेले टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैल सिंग यांनी असेच हातावेगळे न करता ठेवून दिले. उलट ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक परत पाठवले, संसदेने ते पुन्हा मंजूर केले आणि मग त्यांना संमती द्यावी लागली. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत केली, तेव्हा मंत्रिमंडळाने तिचा आग्रह सोडला. मंत्रिमंडळाने तीच शिफारस पुन्हा केली असती, तर नारायणन यांना ती मान्य करावी लागली असती. राष्ट्रपतींचे वजन कुठे असते आणि कुठे संपते, हे या तीन प्रसंगांतून चांगले उमगते.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बातम्या मुले सतत ऐकत असल्याने दोन्ही पदांची सरमिसळ होते. तिथे राज्याचा प्रमुख आणि कार्यकारी प्रमुख एकच असतो, त्याचा कार्यकाळ चार वर्षांचा ठरलेला असतो आणि कायदेमंडळाच्या अविश्वास ठरावाने त्याचे सरकार पडत नाही, एवढे सांगणे आठवीला पुरे. अकरावीच्या वर्गात मात्र ही तुलना विस्ताराने करावी.

मूल्यमापनात ‘राष्ट्रपतींचे अधिकार लिहा’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी एखादी अधिसूचना किंवा वर्तमानपत्रातील चार ओळींची बातमी छापून तेच तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तराला आधार देणारे कलम नोंदवल्यास वेगळा गुण ठेवावा.