बर्गनहून हार्डांगर, एका दिवसात बाईकवर

नॉर्वेत बाईक मिळाली तर बर्गनहून सकाळी लवकर निघा, क्वामस्कोगनचा डोंगराळ भाग ओलांडून नूरहाइमसुंदला उतरा, तिथल्या स्टाइन्सडाल धबधब्याच्या चक्क मागून चालत जाता येतं, ते चुकवू नका. पुढे १७९ किमी लांब हार्डांगर फ्योर्डच्या (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) काठाने जायचं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतारावरच्या सफरचंदाच्या बागा, मे अखेरीस बहर असला तर काय सांगू, दर वळणावर थांबावंसं वाटतं! रस्ता अरुंद आहे, मागे गाडी साठली की बाजूला घ्या. हार्डांगर पुलाआधी बोगद्यातच गोल चौक लागतो, लेन आधीच बघून ठेवा. परतताना वॉस गावावरून या. रेनसूट आणि थर्मल उन्हाळ्यातही न्याच, पाऊस कधीही गाठतो.