लहान मुलांच्या घरात पिल्लू आणताना

पिल्लू आणायचं ठरलं की घरातली मुलं नावावरून भांडतात आणि मोठी माणसं जातीवरून. दोन्ही भांडणं थोडी पुढे ढकलली तरी चालतात. आधी ठरवायचं ते हे, की पहिले काही महिने पिल्लू आणि मुलं यांच्या मध्ये दिवसभर कोण असणार? आमच्याकडे झिपरी आली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा चारचा. सकाळी बाबा, दुपारी आजी, संध्याकाळी मी, एवढं तरी आधी पक्कं होतं, आणि पुढचं बरंचसं त्यामुळेच निभावलं. "मुलांना जबाबदारी कळावी म्हणून कुत्रा आणतोय" असं कुणी म्हणालं की मी हळूच विचारते, "पहाटे पाचला शू करायला कोण नेणार?" सात वर्षांचं मूल नेणार नाही, आणि त्याने नेऊही नये.

घरात रांगतं किंवा नुकतंच चालायला लागलेलं बाळ असेल तर थोडं थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांनाही एकाच वेळी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं आणि डोळे तर दोनच. मुलांची सवय असलेला, शांत स्वभावाचा मोठा कुत्रा दत्तक मिळत असेल तर अशा घराला तो कितीतरी सोपा पडतो. पिल्लूच हवं असेल तर ते किमान आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या. भावंडांशी मस्ती करताना कुणी जोरात चावलं की दुसरं कळवळून ओरडतं आणि खेळ थांबतो. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू तिथेच शिकायला लागतं. फार लवकर उचलून आणलेल्या पिल्लाचा हा धडा बुडतो आणि तो मग तुमच्या मुलांच्या हातापायांवर गिरवला जातो.

निवडायला पहिल्यांदा जाल तेव्हा मुलांना घरी ठेवा. मुलं बरोबर असली की कोपऱ्यात दडून बसलेल्या पिल्लाची दया येते, नाहीतर सगळ्यांच्या डोक्यावरून चढून येणाऱ्याचं कौतुक वाटतं. मुलांच्या घराला या दोघांच्या मधलं पिल्लू हवं असतं, म्हणजे स्वतःहून जवळ येणारं, हुंगणारं, उचलल्यावर थोडं वळवळून मग स्थिरावणारं. शक्य असेल तर त्याची आईही पाहा. ती माणसांना घाबरत असेल, तर पिल्लाचं रूप कितीही गोड असलं तरी विचार करावा. आणि कृपा करून वाढदिवसाची भेट म्हणून आणू नका. त्या दिवशी घरात गोंगाट, पाहुणे आणि फुगे असतात, आणि पिल्लू त्याच दिवशी आईपासून तुटलेलं असतं.

पिल्लू यायच्या आधीचा आठवडा मुलांच्या शिकवणीचा. आम्ही एक कापडी कुत्रा घेऊन सराव केला. झोपलेल्याला उठवायचं नाही, खात असताना जवळ जायचं नाही, त्याच्या जागेत शिरायचं नाही आणि उभ्याने उचलायचं नाही. यातला शेवटचा नियम मुलांना सगळ्यांत जड जातो, कारण पिल्लू म्हणजे उचलायचीच वस्तू, असं त्यांना वाटतं. पण वळवळणारं पिल्लू लहान हातांतून सहज निसटतं आणि त्या उंचीवरून पडून पाय मोडू शकतो. म्हणून आमच्याकडे नियम असा, की हवी असेल तर जमिनीवर मांडी घालून बसायचं. ती मांडीत आली तर आली. नाही आली तर तिची मर्जी.

कुरवाळायचंही शिकवावं लागतं. डोक्यावर वरून थापट्या मारायच्या नाहीत, गळ्यात हात टाकून मिठी मारायची नाही. मिठीत आपल्याला प्रेम वाटतं, पण कुत्र्याला बहुतेक वेळा जखडल्यासारखं होतं आणि मुलाचा चेहरा नेमका त्याच्या तोंडाजवळ येतो. छातीपाशी किंवा पाठीच्या बाजूला हात फिरवायचा, मोठ्याने एक-दोन-तीन म्हणायचं आणि हात काढून घ्यायचा. मग बघायचं. पिल्लाने नाकाने हात ढकलला, अंगाशी आलं, तर पुन्हा तीन. मान वळवली, उठून गेलं, तर संपलं. धाकट्याला आकडे म्हणायची हौस होती, त्यामुळे त्याला हे फारच आवडलं. एकदा झिपरी शेजारी लवंडलेली असताना त्याने तीन म्हणून हात उचलला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत बसला. तिने जीभ बाहेर काढून स्वतःचं नाक चाटलं, मान पलीकडे फिरवली. "नको म्हणाली," असं सांगून तो गाड्या खेळायला निघून गेला. चार वर्षांच्या मुलाला हे कळू शकतं, फक्त कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं.

या खुणा मोठ्यांनीही पाठ करून ठेवाव्यात. झोप आलेली नसताना जांभई, खायला समोर काही नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसणं, अंग एकदम ताठ होणं. गुरगुरणं यानंतर येतं. गुरगुरल्याबद्दल पिल्लाला कधीही रागावू नका, कारण त्याने तुम्हाला आधी सूचना दिलेली असते. ती दाबली तर पुढच्या वेळी ते सूचना न देता चावेल. गुरगुर ऐकू आली की मुलाला शांतपणे बाजूला घ्यायचं आणि कशामुळे झालं ते शोधायचं. लहान मुलांना चावणारे कुत्रे नेहमी रस्त्यावरचे अनोळखीच असतात असं नाही. बरेचदा ते घरातले किंवा ओळखीचेही असतात, आणि प्रसंगही साधाच असतो. कुणीतरी झोपेत हात लावलेला असतो किंवा खाण्याच्या ताटलीजवळ गेलेलं असतं. मुलांची उंचीच अशी, की चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. म्हणून पिल्लू आणि लहान मूल एका खोलीत असताना मोठं माणूसही तिथे हवं, आणि त्याचं लक्ष मोबाइलमध्ये नको. तेवढा वेळ बसणं जमत नसेल तर मध्ये गेट लावायचं.

बाळांसाठी दाराला लावतात ते गेट ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत कामाची वस्तू. महागडी गादी, छापील भांडी नंतर घेतली तरी चालतात. गेटपलीकडे पिल्लाचा क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, किंवा अंथरूण, पाणी, चघळायला काहीतरी. तिथे मुलांनी पाऊल ठेवायचं नाही. पिल्लं दिवसातले अठरा ते वीस तास झोपतात आणि मुलांच्या घरात ही झोप आपोआप होत नाही, ती करवून द्यावी लागते. संध्याकाळी पिल्लू अचानक घरभर सैरावैरा धावायला लागतं, दिसेल ते चावतं, तेव्हा लोक म्हणतात, "दम निघाला नाही, अजून खेळवा." बहुतेक वेळा उलटं असतं. झोप मोडलेलं बाळ जसं किरकिरतं तसंच हे. गेटपलीकडे नेऊन दिवा मंद करा, थोड्या वेळात ते घोरायला लागतं. गंमत म्हणजे मुलांचीही किरकिरीची वेळ नेमकी तीच असते. त्या तासाभराला एका माणसाने मुलांकडे आणि दुसऱ्याने पिल्लाकडे बघायचं, असं आम्ही वाटून घेतलं होतं.

चावण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नव्या पालकांचा धीर इथेच सुटतो. पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. मुलं धावतात, किंचाळतात, हात हवेत उडवतात. पिल्लाच्या दृष्टीने याहून मजेशीर खेळणं नाही. मग टाचा, पायजम्याची टोकं, फ्रॉकचा घेर, काहीच सुटत नाही. मोठ्यांचा 'नाही' ऐकू येईपर्यंत ओरखडे उठलेले असतात. यावर मुलांना शिकवायचं ते 'झाड'. जागच्या जागी थांबायचं, हात छातीशी दुमडायचे, नजर पायांकडे, तोंडातून आवाज नाही. झाडाशी खेळण्यात मजा नसते, त्यामुळे पिल्लू कंटाळून सोडतं. तोवर मोठ्याने खेळणं घेऊन यायचं आणि पिल्लाचं तोंड तिकडे वळवायचं. हे जमायला वेळ लागतो. पायजमा झिपरीच्या तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि तरी हात दुमडून "मी झाड आहे, आई लवकर ये" म्हणणारा मुलगा मी पाहिला आहे. नाकावर चापट, तोंड दाबून धरणं, असले जुने उपाय कुणी सुचवले तर सोडून द्या. पिल्लू हाताला घाबरायला लागतं, आणि मुलं बघून तेच करायला लागतात. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या सळसळतात. ओला करून गोठवलेला फडक्याचा पीळ चघळायला दिला, समोर बसून, की बराच आराम पडतो.

शी-शूचं गणित सोपं आहे, अंमलबजावणी कंटाळवाणी. जितके महिने वय, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते फार तर धरू शकतं. त्याशिवाय उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच बाहेर. घरात झालंच तर रागावून उपयोग नाही, वास मात्र पूर्ण जायला हवा. त्यासाठी एन्झाइमचं क्लीनर वापरा. अमोनियावालं नको, कारण तो वास लघवीसारखाच असल्याने पिल्लू तिथेच परत जातं. मुलांना पहारेकरी नेमा. जमीन हुंगत गोल फिरायला लागली की हाक मारायची, हे काम दोघांनीही इतक्या निष्ठेने केलं की आम्हाला कधीकधी विनाकारण पळावं लागायचं.

घरात आणल्यावर एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा. पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात, दर दोन ते चार आठवड्यांनी डोस, आणि सोळा आठवड्यांच्या पुढेपर्यंत ही मालिका चालते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचा जीव घेणारे आजार आहेत, त्यामुळे तारीख चुकवू नका. रेबीजची लस वेगळी, ती कधी द्यायची ते डॉक्टर सांगतील. जंताचं औषधही मुलांच्या घरात टाळू नये. पिल्लांमध्ये गोल जंत फार सर्रास असतात आणि त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ती तेव्हाच्या तेव्हा उचलली की बराचसा धोका जातो. मुलांचा वाळूचा खड्डा असेल तर तो झाकून ठेवा. हात धुणं अर्थातच आहे.

मुलांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, की कुठल्याही कुत्र्याचा दात किंवा नख लागलं तर लपवायचं नाही, कुणी रागावणार नाही, झिपरीलाही नाही. "तिला ओरडा बसेल" म्हणून मुलं ओरखडे बाहीखाली दडवतात, हे मी जवळून पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे होतो आणि संशयित प्राणी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. आपल्या पिल्लाच्या लसी अजून पूर्ण व्हायच्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

जमिनीवरचं मुलांचं राज्य मात्र बदलावं लागतं. मोजे, केसांचे रबर, खेळण्यांचे छोटे तुकडे, चुंबकं, बटणासारखे सेल, यातलं काहीही पिल्लाच्या पोटात जाऊ शकतं. मनुका आणि द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम हे सगळं कुत्र्याला विषारी, आणि यातलं निम्मं मुलांच्या खिशात असतं. तोंडात काही पकडलेलं दिसलं तर मागे धावायचं नाही, त्याला तो खेळ वाटतो आणि ते गिळून टाकतं. खाऊ दाखवून अदलाबदल करायची. "सोड" हा शब्द सगळ्यांत आधी शिकवा, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. आमच्याकडे पसारा आवरण्यावरून वर्षानुवर्षं चाललेली भुणभुण झिपरीने एक लाडकी बाहुली फाडल्यावर बरीच कमी झाली.

पिल्लाला जगाची ओळख करून देण्याचा सर्वांत चांगला काळ तीन ते साधारण चौदा आठवड्यांचा, आणि तो नेमका लसी अपुऱ्या असतानाच संपत येतो. म्हणून उचलून घेऊन फिरवा. वाहनांचे आवाज, छत्री, दाढीवाले काका, चाकांची खुर्ची, सगळं लांबून दाखवा आणि खाऊ द्या. घरातल्या मुलांची सवय झाली म्हणजे जगातल्या सगळ्या मुलांची झाली असं नसतं. रांगणारं बाळ किंवा मित्रांची टोळी पिल्लासाठी नवीच असते.

मुलांना कामं द्या, पण विसरली तरी पिल्लाचं अडणार नाही अशी. पाणी बदलणं, पट्टा आणून देणं, खाऊचे दाणे मोजणं. खाऊ हातातून देण्याऐवजी जमिनीवर टाकायला सांगा, बोटं वाचतात. धाकटा मध्येच पुन्हा भरवून घ्यायला लागला तेव्हा रोज थोडा वेळ झिपरीला गेटपलीकडे ठेवून मी फक्त त्याच्याशी खेळायचे. दुसरं कुठलंही औषध लागलं नाही.

सहा-आठ महिन्यांचं झालं की पिल्लू शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं. ते वयच तसं, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करायची. पण मुलं जवळ आली की ताठ होणं, ताटलीपाशी गुरगुरणं वाढत चाललं असेल तर "मोठं झालं की सुधारेल" म्हणत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण दुखण्यामुळेही असं होतं, आणि मग मारझोड न करणारा प्रशिक्षक शोधा.

गेट कधी काढायचं, असं सगळे विचारतात. आम्ही स्वयंपाकघराचं काढलं, तिच्या अंथरुणापाशी आहे ते ठेवलं आहे. आताशा ते उघडंच असतं. मुलांचे मित्र आले की मुलगीच उठून लावते आणि झिपरी त्याआधीच आत जाऊन बसलेली असते.