एका मोबाइलमध्ये धंद्याचा आणि घरचा नंबर: या चुका टाळा

सोलापुरात हल्ली दुकानाच्या पाटीवर एक नंबर असतो आणि पाव्हण्यांकडे दुसरा. सिम मात्र दोन्ही एकाच मोबाइलमध्ये. दोन हँडसेट घेऊन हिंडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण तक्रारीही ठरलेल्या: "मालक, तुमचा फोन लागतच नाही", "पैसे कुठल्या नंबरला टाकू?", "काल स्टेटसला काय टाकलंय बघा की!" दोष मोबाइलचा क्वचितच असतो. कुठलं सिम कशासाठी हे न ठरवताच दुसरं सिम घातलेलं असतं, आणि मोबाइल जे विचारेल त्याला आपण घाईत "ओके" करत जातो.

एकावर बोलताना दुसरा संपर्काबाहेर

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ती लक्षातही येत नाही, कारण न लागलेला कॉल आपल्याला दिसतच नाही.

बऱ्याच ड्युअल सिम मोबाइलमध्ये दोन्ही सिम कॉलची वाट बघत असतात, पण एकावर बोलणं सुरू झालं की दुसरं बहिरं होतं. समजा, चाटी गल्लीतल्या दुकानदाराचं घरच्या नंबरवर मेहुण्याशी लग्नाच्या याद्यांवरून बोलणं रंगलंय. तेवढ्यात हैदराबादचा व्यापारी चादरींच्या ऑर्डरसाठी दुकानाचा नंबर लावतो. त्याला "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" असं ऐकू येतं आणि तो सरळ दुसऱ्या दुकानाला फोन करतो. कॉल वेटिंग चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते त्याच सिमवर येणाऱ्या दुसऱ्या कॉलसाठी असतं.

आधी तपासून बघा. घरच्या सिमवरून कुणाशी तरी बोलत राहा आणि तिसऱ्या माणसाला दुकानाचा नंबर लावायला सांगा. कॉल आला तर प्रश्नच नाही, नव्या हँडसेटमध्ये अनेकदा येतो. नाही आला, तर दोन्ही सिमवर व्होल्टी (४जी नेटवर्कवरून होणारे कॉल) आणि वाय-फाय कॉलिंग चालू करून पुन्हा बघा. काही मोबाइल मग दुसऱ्या सिमच्या डेटावरून कॉल घेतात.

तेही नाही जमलं तर कॉल फॉरवर्डिंग. फोन ॲपच्या कॉल सेटिंगमध्ये दुकानाच्या सिमसाठी "संपर्क होत नसेल तेव्हा" हा पर्याय निवडा आणि तिथे घरचा नंबर टाका. घरच्या सिमसाठी याच्या उलट करा. मग चालू कॉलमध्येच दुसरा कॉल वेटिंगला दिसतो, अर्थात कॉल वेटिंग चालू असेल तर. इथे लोक हमखास "नेहमी फॉरवर्ड करा" दाबून बसतात आणि मग पाटीवरच्या नंबरची घंटा आठवडाभर वाजत नाही. शिवाय फॉरवर्ड झालेला कॉल तुमच्या सिमवरून बाहेर गेलेला धरला जातो, म्हणजे त्या सिमवर चालू पॅक हवाच.

पूर्वी हे स्टार-हॅशचे कोड दाबून व्हायचं. फसवणूक वाढल्यावर दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सोय थांबवायला सांगितली. म्हणून पार्सलवाला किंवा कंपनीचा माणूस म्हणवणारा कुणी "*४०१* लावून पुढे हा नंबर टाका" म्हणाला, तर फोन ठेवून द्या. तुमचे कॉल, आणि त्यावर येणारे ओटीपीसुद्धा, स्वतःकडे वळवायचा तो डाव असतो.

डिफॉल्ट सिम ठरवायचं राहून जातं

उधारीच्या वसुलीचा फोन घरच्या नंबरवरून गेला की तो नंबर गिऱ्हाइकाकडे कायमचा जातो. मग रात्री दहा वाजता त्याच नंबरवर "माल कधी निघणार?" कॉलसाठी सिम "प्रत्येक वेळी विचारा" वर ठेवा. एक टिचकी वाढते, पण माझ्या मते ती वाढलेलीच बरी. दोन्ही सिमना रिंगटोन वेगळी द्या आणि सिमची नावं बदलून "दुकान", "घर" अशी ठेवा. नाहीतर सिम १ कुठलं आणि सिम २ कुठलं, हे ऐन वेळी कुणाला आठवतंय?

दोन्ही सिम एकाच कंपनीची घेऊ नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत एकीची रेंज गेली तर दुसरीची असू शकते.

व्हॉट्सॲपची सरमिसळ

एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर किंवा धंद्यासाठीच्या व्हॉट्सॲप बिझनेसवर चालतो, दोन्हीकडे नाही. घाईत घरचा नंबर बिझनेस ॲपमध्ये टाकला की साधं ॲप त्या नंबरसाठी बंद होतं आणि भावकीचे सगळे ग्रुप दुकानाच्या नावाखाली येतात. साध्या ॲपवर घरचा आणि बिझनेसवर दुकानाचा नंबर ठेवणं सगळ्यात सोपं. अँड्रॉइडवर २०२३ पासून एकाच ॲपमध्ये दोन खातीही ठेवता येतात, पण दुकानदाराला मी ते सुचवणार नाही. चिन्ह एकच असल्यामुळे आपण कुठल्या खात्यात आहोत ते विसरायला होतं, आणि पुतण्याच्या वरातीतला आपला नाच दुकानाच्या स्टेटसवरून सगळ्या व्यापाऱ्यांना दिसतो.

यूपीआय सुरूच होत नाही

बहुतेक वेळा कारण साधं असतं. नोंदणी करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. बँकेत घरचा नंबर दिलेला असतो आणि आपण दुकानाचं सिम निवडलेलं असतं. सिम बरोबर असेल तर त्यावर एसएमएस जातोय का ते बघा. पॅक संपला असेल तर तो जाणार नाही.

बँकेला असा नंबर द्या, जो कधीही दुकानातल्या पोराच्या हातात जाणार नाही. गिऱ्हाइकाला "या नंबरवर पैसे टाका" म्हणण्यापेक्षा चालू खात्याचा क्यूआर पाठवा, म्हणजे नंतर घरचा आणि धंद्याचा पैसा निवडत बसायला नको.

रिचार्जची कंजुसी

"त्या सिमवर नुसते कॉल येतात, रिचार्ज कशाला?" असं म्हणत सिम पडून राहतं. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये असले तर ते कापून ३० दिवसांची मुदतवाढ मिळते. नंबर गेला की काही काळाने तो दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि तुमच्या बँकेला तो बदललेला कळवला नसेल तर मेसेज त्याच्याकडे जाणार. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटाशिवाय फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले. दुसऱ्या सिमसाठी तेच मागा. रिचार्जवाला आपणहून सांगेलच असं नाही.

नंबर नावावर कुणाच्या?

हे विचारलं की बरेच जण गप्प होतात. दुकानाचं सिम जुन्या कामगाराच्या आधारवर, नाहीतर मेहुण्याच्या नावावर घेतलेलं असतं. माणूस काम सोडून गेला आणि त्याने सिम हरवल्याचं सांगून नवं काढलं, तर पाटीवरचा नंबर त्याचा झाला. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाला ९ पर्यंत चालतात. दुकानाचा नंबर त्या यादीत नसेल, तर ज्याच्या नावावर आहे त्याला बरोबर घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा आणि नंबर आपल्या नावावर करून घ्या, तेही तो माणूस कामावर आहे तोवरच.