वृत्तदालनातली भरती: आडनाव बाजूला ठेवून माणूस कसा निवडावा

उपसंपादकाची जागा रिकामी झाली की बहुतेक मराठी वृत्तपत्रांत आणि पोर्टलांत पहिला फोन ओळखीच्या माणसालाच जातो. ‘पाहण्यात कोणी चांगला मुलगा आहे का?’ असे विचारले जाते आणि दोन दिवसांत तीन नावे येतात. ती नावे वाईट असतात असे नाही. परंतु विचारणारा, सांगणारा आणि सुचवला गेलेला हे तिघेही पुष्कळदा एकाच शहरातले, एकाच महाविद्यालयातले आणि एकाच जातसमूहातले निघतात, आणि त्या प्रश्नात ‘मुलगा’ हा शब्द तर आधीच येऊन बसलेला असतो. म्हणून ज्या संपादकाला आपल्या वृत्तदालनात जात आणि लिंग या दोन्ही अंगांनी वेगवेगळी माणसे हवी आहेत, त्याने मुलाखतीच्या खोलीकडे वळण्याआधी या फोनकडे पाहावे. गाळणी तिथे लागते आणि नेमणूक झाल्यावरही ती चालू राहते.

सुरुवात मोजणीने करावी. अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी 2006 साली दिल्लीतील 37 हिंदी व इंग्रजी माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या 315 ज्येष्ठ पत्रकारांची पाहणी केली, तेव्हा त्यांत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. हा आकडा समोर येईपर्यंत आमच्याकडे असे काही नसते, असे म्हणणे सोपे होते. आपल्या कार्यालयात मोजणी करताना माहिती ऐच्छिक आणि निनावी ठेवावी, तिचा उपयोग कशासाठी होणार ते आधी लिहून द्यावे आणि ती अर्जांच्या फायलीपासून पूर्णपणे वेगळी ठेवावी. केवळ एकूण संख्या पुरेशी नाही. चाळीस जणांत बारा स्त्रिया आहेत हे कळून फारसे काही कळत नाही. त्या बारांपैकी किती जणी पुरवणीत आहेत, किती राजकीय बातमीदारीत आहेत आणि पहिल्या पानाचा निर्णय होतो त्या बैठकीला किती जणी बसतात, हे कळले पाहिजे. अमेरिकेतील वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने 1978 साली ठरवले होते की 2000 सालापर्यंत वृत्तदालनांतील वांशिक अल्पसंख्याकांचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाइतके करायचे. दरवर्षी मोजणी झाली, तरी ते लक्ष्य गाठता आले नाही आणि मुदत पुढे 2025 पर्यंत ढकलावी लागली. तेव्हा मोजणीवर थांबू नये.

यानंतर जाहिरात. प्रत्येक जागेची जाहिरात द्यायचीच, ओळखीतले नाव हाताशी असले तरी, हा नियम लेखी करावा. ती पत्रकारिता शिकवणाऱ्या पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या सूचनाफलकावर लागतेच. ती नांदेड, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि जळगाव येथील विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांकडे, समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहांकडे आणि तालुक्याच्या वाचनालयांकडेही पाठवावी. मजकूर लिहिताना प्रत्येक अटीला विचारावे की ही अट कामासाठी आहे की सवयीमुळे आली आहे. ‘स्वतःची दुचाकी व लॅपटॉप आवश्यक’ ही ओळ आपण किती सहज छापतो! पाण्याच्या टँकरची बातमी ज्या गावातून येते, तिथल्या घरातील मुलीकडे या दोन्ही वस्तू नसण्याची शक्यता अधिक असते आणि ती अर्जच करत नाही. ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ ही अट तर कोणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. वेतनाचा आकडा मात्र स्पष्ट छापावा, आणि उमेदवारी काळ बिनपगारी ठेवू नये, कारण मुंबईत किंवा पुण्यात खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे घरून आणून तीन महिने फुकट काम करणे मोजक्या घरांतील मुलांनाच परवडते. तालुका वार्ताहराच्या बाबतीत हीच गोष्ट जास्त उघडी आहे. त्याचे मानधन नाममात्र ठेवून त्याने जाहिराती आणाव्यात आणि त्यावर कमिशन घ्यावे अशी अपेक्षा असेल, तर ते काम दुकानदाराच्या, कंत्राटदाराच्या किंवा पुढाऱ्याच्या घरातील माणसाकडेच जाणार. बातमीचे मानधन आणि जाहिरातीचे कमिशन ही दोन कामे दोन माणसांकडे दिल्याशिवाय तालुक्यातील चेहरे बदलत नाहीत.

अर्ज आले की त्यांवरील नावे झाकून क्रमांक द्यावेत. मराठीत आडनाव पुष्कळ काही सांगून जाते, आणि ते वाचताना आपल्या मनात काही हलत नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले आणि 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दलित आडनावांना उच्चवर्णीय आडनावांपेक्षा कमी वेळा बोलावणे आले आणि मुस्लिम नावांना त्याहूनही कमी वेळा.

लेखी परीक्षेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या टप्प्यावर मी स्वतः चुकलो आहे. परीक्षा साधी ठेवावी: जिल्हा परिषदेचे सुमारे चारशे शब्दांचे प्रसिद्धिपत्रक द्यावे, त्याची एकशेवीस शब्दांची बातमी आणि मथळा करून मागावा. काही वर्षांपूर्वी मी तपासलेल्या अशाच एका उत्तरपत्रिकेत ‘पाणि’, ‘आणी’, ‘विहिर’ अशा नऊ चुका होत्या. मी त्या लाल शाईने गोल केल्या आणि कागद बाजूला ठेवला. आठवड्याने कागद आवरताना तो पुन्हा हाती आला तेव्हा दिसले की शेवटच्या ओळीखाली त्या उमेदवाराने लिहिले होते: पत्रकाच्या मजकुरात टँकर चौदा आहेत, तक्त्याची बेरीज मात्र अकरा होते, विचारून घ्यावे. इतर सतरा जणांपैकी एकाच्याही हे लक्षात आले नव्हते. जागा तोवर भरली गेली होती. तेव्हापासून मी गुणांची विभागणी आधीच लिहून ठेवतो: तथ्यांना चाळीस, बातमीच्या मांडणीला तीस, मथळ्याला वीस आणि शुद्धलेखनाला दहा. ऱ्हस्वदीर्घ मुद्रितशोधकाच्या शेजारी बसून तीन-चार महिन्यांत सुधारते. बेरीज करून पाहण्याची खोड शिकवायला बराच काळ लागतो. तोंडी बोलण्यातील ‘न’ आणि ‘ण’ यांना तर छापील पत्राच्या उपसंपादकाच्या निवडीत एकही गुण असू नये.

मुलाखत मंडळात किमान एक स्त्री आणि नेहमीच्या वर्तुळाबाहेरची एक व्यक्ती असावी, सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले गुण लिहून द्यावेत, नाहीतर ज्येष्ठ सदस्य भुवई उंचावतो आणि बाकीचे आकडे आपोआप खाली येतात. ‘मूळ गाव कुठले?’ हा घरी चहा देताना विचारायचा प्रश्न आहे. मुलाखतीत तो जात चाचपण्यासाठी विचारला जातो, आणि उमेदवाराला ते समजते. वडिलांचा व्यवसाय, लग्नाचा बेत, सासरच्यांची रात्रपाळीला संमती हे प्रश्न विचारण्यास मंडळाला आधीच लेखी मनाई करून टाकावी.

‘असे उमेदवार येतच नाहीत’ ही तक्रार यानंतरही ऐकू येईल. वासुदेव बिर्जे यांच्या निधनानंतर तानुबाई बिर्जे यांनी सत्यशोधक चळवळीतील ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादन 1908 पासून सांभाळले, 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, आणि 2002 साली उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ने दलित व ग्रामीण स्त्रियांना बातमीदारी शिकवून पत्र चालवले. उमेदवार होते; मोठ्या वृत्तदालनांची दारे त्यांच्या दिशेला नव्हती.

नेमणुकीनंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण तेच टिकवते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीने काम देता येते आणि तिच्या सुरक्षिततेची व वाहतुकीची सोय मालकाने करायची असते. गाडीचा खर्च वाचवण्यासाठी स्त्रियांना रात्रपाळीच द्यायची नाही, ही पळवाट अनेक कार्यालये काढतात आणि मग मुख्य उपसंपादकपदाच्या वेळी तिला रात्रीच्या आवृत्तीचा अनुभव नाही असे सांगतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्या सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक भिंतीवर लावावेत. जिल्हा कार्यालयात स्वच्छतागृह आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे.

बीट, म्हणजे बातमीदारीची क्षेत्रे, वाटताना दलित बातमीदाराला 14 एप्रिल आणि 6 डिसेंबर, मुस्लिम बातमीदाराला ईद आणि स्त्रीला हळदीकुंकू देण्याचा मोह आवरावा. त्यांना मंत्रालय, अर्थसंकल्प, क्रिकेट, साखर कारखाने द्यावेत. सहा महिन्यांनी पहिल्या पानावरील नावानिशी बातम्यांची यादी काढून नव्याने आलेल्यांची नावे तीत किती वेळा आहेत ते मोजावे. त्यांच्यापैकी कोणी राजीनामा दिला तर कारण त्याच दिवशी विचारू नये, कारण अनुभवपत्र हाती पडेपर्यंत कोणीही खरे सांगत नाही. तीन महिन्यांनी कार्यालयाबाहेर भेटून विचारावे आणि जे ऐकू येईल ते पुढच्या जाहिरातीच्या फायलीत पहिल्या पानावर लावून ठेवावे.